बांध आधी, सातबारा मागाहून

1870 साली सरकारने साष्टी बेटाच्या उत्तर टोकाची भाईंदर, मिरे आणि घोडबंदर ही गावे रामचंद्र लक्ष्मणजी यांना 999 वर्षांच्या पट्ट्याने दिली. हा पट्टा सरायचा तर 2869 साल उजाडावे लागेल. दस्तात देणारे सरकार होते आणि घेणारा पट्टेदार. भरतीला आडवा बांध घालून ज्यांनी इथल्या खाजणाची भातशेती केली, ती कुटुंबे या व्यवहारात पक्षकार नव्हती.

आज त्या जमिनीवर मीरा-भाईंदर शहर उभे आहे. 2011 च्या जनगणनेतच त्याची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. नवघर, गोडदेव, खारी, पेणकरपाडा, काशी, राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन ही नावे आता बस थांब्यांवर आणि प्रभागांच्या याद्यांत वाचायला मिळतात. पण शंभर वर्षांपूर्वी ही गावे भात, मीठ आणि मासळी यांवर जगत होती. त्या गावांतल्या चार-सहा एकरांच्या कुटुंबांनी जमीन मिळवली कशी, हा या लेखाचा विषय आहे.

खारपट्ट्यात जमीन रोख मोजून विकत घेण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभले. बाकीच्यांना ती पायरीपायरीने मिळाली. आधी अंगमेहनत, मग वहिवाट, मग कूळ म्हणून नोंद, मग किमतीचे हप्ते, आणि सर्वांत शेवटी मालकीचा कागद. एका माणसाच्या आयुष्यात यातल्या एक-दोन पायऱ्या चढून होत. उरलेल्या पुढच्या पिढीसाठी राहत. म्हणून इथल्या जमिनीचा इतिहास खरेदीखतांतून पुरता उलगडत नाही. तो बांधापासूनच वाचायला लागतो.

खाजणाचे शेत होताना

भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, आणि आत शिरलेले खाडीचे फाटे. भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलट जमीन म्हणजे खाजण. तिचे शेत करण्याची रीत कोकणच्या साऱ्या खारपट्ट्यात थोड्याफार फरकाने सारखीच आहे.

भात घरात आले की बांधाचे काम निघे. त्यासाठी भांगाचे दिवस धरायचे, कारण तेव्हा भरती लहान असते. खाजणातलीच चिकणमाती फावड्याने कापायची, ढेकळे हातोहात पुढे द्यायची, थरावर थर रचायचा आणि पायांनी तुडवून घट्ट करायचा. पुढचे उधाण यायच्या आत बांधाचे तोंड मिटले पाहिजे. ते उघडे राहिले तर घातलेली माती खाडी परत घेऊन जाई. बांधात सोयीच्या जागी उघाडी बसवत. ओहोटीला तिच्यातून शेतातले पावसाचे पाणी बाहेर पडे आणि भरती चढू लागली की दार मिटून खारे पाणी बाहेरच थांबे.

बांध पुरा झाला म्हणून शेत लगेच पिकत नसे. मातीतले मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे तरी लागत, आणि तोवर कुटुंबाने दुसरीकडे मजुरी करून पोट भरायचे. मग एका जूनमध्ये पाऊस पुरेसा झाला की मोड आलेले बी चिखलात फेकायचे. याला रहू टाकणे म्हणतात. नांगर फिरवला तर खालचे मीठ वर येते, म्हणून खाऱ्या शेतात नांगरट टाळत. भातही खारेपणा सोसणारे हवे. लालसर दाण्याचा राता त्यासाठीच. जाड, पोटाला आधार देणारा तांदूळ. बाजारात त्याला भाव कमी, पण गोड्या जमिनीतले नाजूक भात जिथे जळून जाई, तिथे हा तग धरी.

एवढे करूनही जमीन कायमची मिळाली असे होत नाही. खेकडे बांध पोखरतात, लाटा त्याची माती चाटून नेतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला एखाद्या कमजोर जागी खाडी आत घुसते. खांड गेली, अशी हाळी आली की रात्र असो वा दिवस, ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन तो धावे: फावडी, टोपल्या, पेंढा, बांबू. कारण खांड वेळेत बुजली नाही तर त्या मोसमाचे पीक गेलेच, शिवाय मीठ धुऊन काढण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू. एका घराचे हे काम नव्हेच. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात यासाठी जोळ असे. एका बांधाच्या आतले सगळे शेतकरी जमिनीच्या प्रमाणात श्रम देत आणि न येणाऱ्याला जाब द्यावा लागे. शेत ज्याचे त्याचे, पण बांध सगळ्यांचा. खारपट्ट्यातली जमीनधारणा या एका नियमावर उभी होती.

येणारे-जाणारे मालक

बांध घालणारे तेच राहिले आणि वरचा धनी बदलत गेला. 1534 मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. त्यांनी गावेच्या गावे आपल्या सरदारांना, सैनिकांना आणि धार्मिक संस्थांना ठरावीक वार्षिक देण्यावर लावून दिली. कसणारा त्या गावाबरोबरच नव्या धन्याकडे जाई. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मराठी राज्यात पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला कौल देण्याची आणि सारा पहिल्या वर्षांत हलका ठेवून वर्षागणिक चढवण्याची पद्धत होती. त्याला इस्तावा म्हणत. नवी जमीन उठवणाऱ्या कुटुंबाला ही सवलत मोलाची होती, कारण पिकाआधी सारा भरण्याचे संकट टळे. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली.

कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साष्टीतली अनेक गावे मुंबईच्या धनिकांना दिली. पवई, कुर्ला, मालाड या भागांत अशा इस्टेटी झाल्या. सरकारचा हिशेब सरळ होता: पैसेवाला माणूस भांडवल घालील, पडीक जमीन उठवील, आणि सरकारला एका हाती वसुली मिळेल. खाजण उठवण्यासाठीही सवलतीचे नियम होते. पहिली 10 वर्षे सारा माफ, पुढची 20 वर्षे एकरी 4 आणे, आणि त्यानंतर नेहमीची आकारणी. नियम उदार होते खरे, पण त्यांचा लाभ उठवायचा तर उत्पन्नाविना काही वर्षे काढण्याची ऐपत लागे. रोजच्या भाकरीची विवंचना असलेल्या कुटुंबाला ती कुठून असणार? म्हणून पट्टा शहरातल्या भांडवलवाल्याच्या नावाने होई आणि फावडे गावकऱ्याच्या हाती राही.

भाईंदर, मिरे आणि घोडबंदरचा 1870 चा पट्टा याच धोरणाचा भाग होता. त्याच्या थोडे आधी बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे रूळ वसईची खाडी ओलांडून आले होते आणि 12 एप्रिल 1867 ला विरारहून मुंबईकडे पहिली लोकल धावली होती. मुंबई जवळ आली तशी इथल्या भाताला, मिठाला आणि गवताला गिऱ्हाईक वाढले. जमिनीवर हक्क सांगण्यात आता पैसा होता. समुद्राचे पाणी अडवणारे बांध राखायचे आणि त्या बदल्यात कुळांच्या पिकात वाटा घ्यायचा, अशी आपल्या हक्काची मांडणी पट्टेदाराच्या बाजूने पुढे होत आली. कुळांचे म्हणणे होते की बांधाला माती आमची लागली आणि हातही आमचेच.

हा झगडा जगात एकट्या भाईंदरचा नाही. अकराव्या ते तेराव्या शतकात हॉलंड आणि उत्रेख्तच्या दलदली उठवायला जे शेतकरी गेले, त्यांना तिथल्या सरदार-बिशपांनी करार करून मोकळी, वंशपरंपरेची जमीन दिली आणि नाममात्र खंड ठरवला. ज्याने पाणी काढले त्याला शेत मिळाले, आणि पुढे बांध राखणारी मंडळेही त्यांनीच चालवली. याउलट इंग्लंडच्या फेन्स भागात 1630 च्या दशकात बेडफर्डच्या अर्लने भांडवलदार गोळा करून दलदल कोरडी केली. पैसे घालणाऱ्यांना हजारो एकर वाटून मिळाले, आणि त्या पाणथळीवर मासे, गवत, लव्हाळे यांसाठी पिढ्यानपिढ्या विसंबून असलेले गावकरी दंगे करूनही हरले. आपल्या शेजारी गोव्यात खाजण गावकरीच्या, म्हणजे कोमुनिदादच्या, सामाईक मालकीत राहिले. साष्टीत सरकारने फेन्सची वाट धरली. इथल्या कुळांची पुढची शंभर वर्षे कशी जाणार, ते त्या निवडीत ठरले.

एका आयुष्याची कमाई

अशा गावात लहान कुटुंब जमिनीपर्यंत पोचे कसे? खारपट्ट्यातला सर्वसाधारण क्रम असा होता.

मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की गुरांमागे, मग बापाबरोबर बांधावर जाई. जवान झाला की वर्षाचे दोन भाग पडत. जून ते नोव्हेंबर शेत, आणि पावसाळा सरला की मिठागर. भाईंदर परिसरातली मिठागरे ही इथल्या आगरी कुटुंबांची दुसरी भाकर होती. उन्हात खारे पाणी आटवायचे, मीठ ओढायचे, टोपल्यांनी वाहून ढीग करायचे. हे काम अंगमोड्या कष्टाचे, पण हाती थोडी रोकड देणारे. खाडीतली मासळी आणि जंगलातले लाकूडफाटे यांची त्यात भर. शेतातून पोटाला मिळे, आणि जमिनीला लागणारा पैसा जो काही साठे तो मिठातून साठे.

लग्न होऊन चूल वेगळी झाली की नवे घर एखादा तुकडा वाट्याने किंवा खंडाने घेई. खंड धान्यात ठरे. वर्षाला इतके मण भात, पीक येवो न येवो. कबुलायत बहुधा सालोसाल लिहून घेत, म्हणजे पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडेच राहील याची हमी नसे. तरीही त्या परक्या शेतावर कुटुंब स्वतःचा घाम गाळी. खड्डा भरी, बांधाची डागडुजी करी, उघाडी दुरुस्त करी, कारण पीक तरी त्यावरच यायचे. जमीन जितकी सुधारे तितका मालकाला खंड वाढवण्याचा मोह होई. कष्टाने जमिनीची किंमत वाढवायची आणि त्याच वाढीने आपले पाऊल तिथून हलायचे, या पेचात पिढ्या गेल्या.

कुणाच्या गाठी चार पैसे जमले की तो डोंगराकडच्या गोड्या जमिनीतला एखादा तुकडा, काही गुंठ्यांचा का होईना, विकत घेई. त्यासाठी बायकोच्या अंगावरचे सोने मोडे, बैल विकला जाई, सावकाराकडे कागद होई. कर्ज फिटले तर म्हातारपणी दोन-तीन ठिकाणी मिळून एखादा एकर स्वतःचा आणि दोन-चार एकर कुळाने, एवढी संपत्ती मागे राही. चार मुलगे असले तर तिचेही चार भाग. म्हणजे बापाने आयुष्यभर जोडलेले मुलांनी वाटून घ्यायचे आणि प्रत्येकाने पुन्हा जोडायला सुरुवात करायची. म्हणून या कुटुंबांची जमीन पिढ्यानपिढ्या फारशी वाढली नाही. ती टिकली, आणि टिकवणे हीच त्यांची मोठी कमाई होती.

चरीपासून ठाण्यापर्यंत

या पेचातून सुटण्याची पहिली मोठी धडपड भाईंदरच्या दक्षिणेला, त्याच आगरी समाजाने आणि तशाच खाऱ्या जमिनीवर केली. 27 ऑक्टोबर 1933 ला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 25 गावांच्या शेतकऱ्यांनी खोत, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे वतनदार, आणि सावकार यांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय घेतला. संप 1939 पर्यंत चालला. एवढी वर्षे त्या कुटुंबांनी आपल्याच हातांनी उठवलेली शेते ओस पडलेली पाहिली आणि लाकूड तोडून, मासळी धरून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि सप्टेंबर 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

संपाचे फळ म्हणून कुळाला कायद्याचे संरक्षण मिळाले. 1939 च्या मुंबई कूळ कायद्याने, 1 जानेवारी 1938 पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्याला संरक्षित कूळ मानले. सुरुवातीला हा कायदा ठाण्यासह मोजक्याच जिल्ह्यांत लागू झाला. 1948 च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने हे संरक्षण वाढवले. सालोसाल कबुलायतीवर जगणाऱ्या माणसाला पहिल्यांदा सरकारी दप्तरात स्वतःची जागा मिळाली. मालकाच्या नावाखाली, इतर हक्कांच्या रकान्यात, पण मिळाली.

त्या जागेसाठीही भांडावे लागले. संरक्षण येणार हे कळताच अनेक मालकांनी कुळे बदलली, तोंडी करार केले, राजीखुशीने जमीन सोडल्याचे जबाब लिहून घेतले. वि. म. दांडेकर आणि ग. ज. खुदनपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने या कायद्याच्या अंमलाची पाहणी केली. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात अशा 'स्वेच्छेने' सोडलेल्या जमिनींचे चित्र स्पष्ट आहे. कायद्याचे संरक्षण होते आणि तरीही कुळे जमिनीवरून जात होती. निरक्षर माणसाचा अंगठा कुठल्या मजकुराखाली उमटतो, यावर तीन पिढ्यांचे श्रम टिकत किंवा बुडत.

1 एप्रिल 1957

1956 च्या दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्यानेच तिचा खरेदीदार मानला गेला. पुढचे काम शेतजमीन न्यायाधिकरणाकडे, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत. कलम 32 ग खाली नोटीस निघे, मालक आणि कूळ हजर होत, जबाब होई, आणि किंमत ठरे. साध्या कुळासाठी ती जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे सरकारी साऱ्याच्या, 20 ते 200 पटींच्या आत असे. ज्या तुकड्याचा आकार 5 रुपये, त्याची किंमत 100 ते 1000 रुपयांच्या दरम्यान. ती एकरकमी किंवा व्याजासह जास्तीत जास्त 12 वार्षिक हप्त्यांत भरायची. सगळे भरून झाले की कलम 32 म चे प्रमाणपत्र.

त्या काळचा एखादा जुना सातबारा शांतपणे वाचला तर हा सारा प्रवास एका पानावर दिसतो. वर सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, आकार. कब्जेदाराच्या जागी जुन्या मालकाचे नाव, त्याभोवती कंस, म्हणजे ते नाव कमी झाले. त्याखाली वेगळ्या शाईत नवे नाव, आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. उजवीकडे इतर हक्कांत आधी 'कूळ' म्हणून तेच नाव, तेही आता कंसात. त्याखाली 32 ग च्या किमतीचा बोजा, आणि तो फिटल्यावर त्यालाही कंस. शेवटी 'कलम 43 च्या बंधनास पात्र' असा शेरा, म्हणजे परवानगीवाचून ही जमीन विकता येत नसे. खाली पीकपाहणीत सालोसाल 'भात', आणि कसणाऱ्याच्या रकान्यात 'खुद्द'. तो एक शब्द तिथे लिहिला जाण्यासाठी किती पिढ्यांचे उधाण अंगावर घ्यावे लागले, याची तिथे नोंद नाही.

सगळ्यांना तो मिळाला नाही. नोटिशीच्या दिवशी जो कचेरीत पोचला नाही, ज्याने भिडेपोटी घ्यायची नाही असा जबाब दिला, ज्याच्या वहिवाटीची नोंद तलाठ्याकडे कधी झालीच नव्हती, त्यांची जमीन हातची गेली. डोंगरालगतच्या काशी, चेणे, वरसावे भागातल्या आदिवासी कुटुंबांकडे तर दाखवायला पावतीही क्वचितच असे. एकाच बांधाआत शेजारी शेजारी राबलेल्या दोन घरांपैकी एक मालक झाले आणि दुसरे मजूर राहिले. दोघांच्या कष्टात फरक नव्हता. एका कागदाचा होता.

आणि मालकी बदलली तशी बांधाची काळजी पोरकी झाली. पूर्वीचा धनी दुरुस्तीतून मोकळा झाला आणि नव्या धन्याची एकट्याची ऐपत नव्हती. 1948 च्या खारजमीन कायद्याने सरकारने बांधांची जबाबदारी काही अंशी अंगावर घेतली होती, 1979 मध्ये नवा खारजमीन विकास कायदाही झाला. तरी जिथे गावाची सामाईक मेहनत सुटली तिथे खाडी पुन्हा आत आली.

साष्टीचा गुंता

भाईंदर, मिरे आणि घोडबंदरमध्ये प्रश्न आणखी किचकट होता, कारण कूळ आणि सरकार यांच्यामध्ये 999 वर्षांचा पट्टा आडवा पडला होता. पुढे हस्तांतरांतून तो इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे गेला. सरकारकडून पट्ट्याने घेतलेल्या जमिनीला कूळ कायद्याची कलमे किती लागतात, हाच वादाचा विषय. त्यात 1951 चा साष्टी इस्टेटी महसूलमाफी रद्द करणारा कायदा आला आणि 1 मार्च 1952 पासून अमलात आला. त्याने इस्टेटींची साऱ्याची सूट संपवली. 14 ऑगस्ट 1951 पूर्वी जी पडीक जमीन लागवडीखाली किंवा अन्य उपयोगात आणली नव्हती, ती सरकारकडे गेली. जमीन कुणी उपयोगात आणली, या प्रश्नाला साष्टीत पहिल्यांदाच कायद्याचे वजन आले.

तरीही पट्ट्याची सावली हटली नाही. कब्जेदार म्हणून शेतकऱ्याचे नाव, आणि त्याच जमिनीवर कंपनीच्या हक्काचा दावा, अशी स्थिती राहिली. शहर वाढले तशी बांधकामासाठी कंपनीच्या ना-हरकत दाखल्याची मागणी पुढे आली, आणि हा वाद महसुली कचेऱ्या व न्यायालये यांतून पिढ्यान्पिढ्या चालला. शेतकऱ्याचा नातू सदनिकेत राहायला गेला तरी 1870 चा कागद त्याच्या मागे आला.

मुलींचे नाव

या साऱ्या नोंदींत बायका जवळजवळ दिसत नाहीत. बांधावर टोपल्या त्यांनी वाहिल्या, रोपे त्यांनी लावली, मिठागरात मीठ त्यांनी ओढले, आणि जमिनीसाठी सोने त्यांचेच मोडले. उताऱ्यावर मात्र बाप, मग मुलगे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या वाट्यात मुलीला हिस्सा दिला आणि 1994 च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. उत्तन, डोंगरी, पाली इथल्या ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होता आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नव्हता. कायदे वेगळे असूनही व्यवहार दोन्हीकडे बराचसा सारखा राहिला: बहिणीने हक्कसोड करायची आणि माहेर राखायचे. जमिनीला मोल आले तेव्हा कुठे त्या सह्यांची किंमत सगळ्यांना कळली.

तीन पिढ्यांचे तीन दशकांत

12 जून 1985 ला मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि 28 फेब्रुवारी 2002 ला महानगरपालिका. मुंबईत घर न परवडणारा मध्यमवर्ग लोकलने इथे आला. भाताचे एकर आता गुंठ्यांनी आणि पुढे चौरस फुटांनी बोलू लागले. विसारपावती, साठेकरार, कुलमुखत्यारपत्र हे कागद गावात रोजचे झाले. उधाणाशी आणि सावकाराशी झगडून जी जमीन हाती आली होती, ती पुष्कळ घरांनी एका पिढीत विकली.

त्यांना दोष देणे मला मान्य नाही. वर भराव झाला की खालच्या शेतात पाणी तुंबते, शेजारच्याने बांध सोडला की आपलेही शेत खारवते. एकट्याने शेती करता येत नाही हा खारपट्ट्याचा पहिला नियम, आणि शहराने तो सामाईक बांधच मोडला. कलम 43 चे बंधन, नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची भीती, पट्ट्याचा वाद, घरातल्या वाटण्या, हे सगळे अंगावर असताना मिळेल त्या भावाला सही करणारा माणूस लोभी नव्हता. त्याच्याजवळ वाट पाहण्याची ऐपत नव्हती, जशी त्याच्या पणजोबाजवळ खाजणाचे मीठ धुऊन निघेपर्यंत थांबण्याची नव्हती. भाव खरा वाढला तो त्याच्या सहीनंतर.

पण सगळ्यांनी विकले असेही नाही. मेट्रो 9 ची कारशेड राई, मुर्धा आणि मोर्वा या गावांच्या जमिनीवर घेण्याचे ठरले तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी ठाम विरोध केला आणि कारशेडची जागा डोंगरी-उत्तनच्या बाजूला हलवावी लागली. तिथेही मग डोंगर आणि झाडांचा प्रश्न उभा राहिलाच. शहराला मेट्रो हवी, यात वाद नाही. पण मोबदल्याच्या टेबलावर बसताना सरकार जेव्हा फक्त आजचा कागद मागते, तेव्हा ज्यांचा कागद उशिरा झाला, अर्धवट झाला किंवा झालाच नाही, ती घरे पुन्हा एकदा व्यवहाराबाहेर राहतात. 1870 ला जे झाले तेच नव्या नावाने होऊ शकते.

म्हणून या गावांतल्या जुन्या पेट्या आता उघडायला हव्यात. खंडाच्या पावत्या, कबुलायती, 32 ग चे निवाडे, हप्त्यांची चलने, मिठागरांची हजेरी, बांधाच्या वर्गणीच्या वह्या. घराघरांत अजून काही उरले असेल, आणि ते समजावून सांगणारी माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत. पालिकेने, शाळांनी, आगरी-कोळी आणि ख्रिस्ती ईस्ट इंडियन समाजाच्या संस्थांनी गाववार हे दप्तर गोळा करावे, त्याच्या प्रती काढाव्यात, कुठला बांध कुणी घातला आणि कुठल्या उघाडीवर कुणाची पाळी असे ते नावानिशी लिहून घ्यावे. जमिनीवर कुणाचा किती हक्क होता हे पुढे न्यायालय ठरवो वा इतिहासकार, त्यांच्यापुढे 999 वर्षांच्या पट्ट्याइतकाच बांध घालणाऱ्यांचाही पुरावा असला पाहिजे. तो तयार करणे आपल्या हाती आहे आणि त्याची मुदत 2869 पर्यंत नाही.